कालव्याला ऊब कोण देतं?

भर बाराला महाराजांनी हातातली काठी कालव्यात बुडवली आणि गर्जना केली, "हे पाणी त्या केंद्राचं! ते लोक यात किरणांचं विष सोडतात. ते विष मी पितो, आणि मागे उरते ती माझी ऊब! आज मी मौन धरतोय. मी गप्प, तर पाणीही गप्प. सोळाव्या दिवशी, याच वेळेला मी बोलेन आणि पाणी ऐकेल!"

मग नेहमीचं पालुपद झालं:

"ऊब माझी माया, ऊब माझा श्वास,
सुईचा न् गोळीचा सोडा आता ध्यास!"

हजारभर माणसं पाण्यात उभी होती. कुणी गुडघाभर, कुणी गळ्याइतक्या. दुपार कलली तशी पाण्याची ऊब खरोखरच ओसरू लागली. आधी एक म्हातारा कुडकुडला, मग बाया पोरांना कडेवर घेऊन वर आल्या.

"गार पडलं हो! अगदी गार!"

"ऊबमहाराज म्हणतात ते उगीच नाही!"

महाराज तोंडाला कापड बांधून तंबूत गेले.

काठाच्या वर एक खोली होती. तिच्या दारात उभं राहून तापमानबाई हे सगळं पाहत होती. अणुवीज केंद्रातून समुद्राकडे जाणारं हे पाणी दिवसातून तीनदा मोजायचं, आकडा वहीत उतरवायचा, नमुन्याची बाटली तपासणीला पाठवायची, हे तिचं अठरा वर्षांचं काम. तिला गावाने वाळीत टाकलं नव्हतं. वाळीत टाकायला आधी माणसाला आपल्यात धरावं लागतं. ती दुकानात शिरली की रांग आपोआप विरळ होई. "केंद्रातली आहे. अंगाला किरण चिकटून येतात." थोरल्या बहिणीनेसुद्धा एकदा लेकराला मागे ओढलं होतं, "मावशीला हात नको लावू." त्यानंतर तिने बहिणीचा उंबरा ओलांडला नाही. संध्याकाळी खोलीला कुलूप लावताना ती स्वतःलाच म्हणायची, "चला बाई, घरी," आणि घरी पोचली की पुन्हा म्हणायची, "आले बरं का." ओ द्यायला भिंतीच होत्या.

आणि तिच्या हाताला भिणारी तीच माणसं आता त्याच केंद्राच्या पाण्यात बसून बाटल्या भरत होती!

पण त्या गर्दीबरोबर तीच थोरली बहीण, ताईही आली होती. महिनाभर रोज डुबकी मारून ती वर खोलीत येई, केस पुसत लहानपणीच्या गोष्टी काढी. मुकी खोली बोलायला लागली होती.

"चिमे, आठवतं का गं, तू शेजारच्यांच्या टाकीत पडली होतीस ते?"

"ढकललं कुणी होतं?"

"मी नाही हो! तू घसरलीस!"

हसता हसता एक दिवस ताई सहज म्हणाली, "साखरेची सुई बंद केली बरं का मी. महाराज म्हणाले, ऊब आत मुरतेय."

"ताई, वेड लागलंय का तुला? सुई कशी सोडलीस?"

"हे बघ, असंच बोलणार असशील तर मी येतच नाही."

आणि तापमानबाई गप्प बसली. तिला सगळं माहीत होतं. केंद्र दुरुस्तीसाठी कधी बंद राहणार, कधी सुरू होणार, याची सूचना फाटकाबाहेरच्या फळ्यावर मच्छीमारांसाठी लावलेली असते. महाराजांचा तंबू फळ्यासमोरच होता. अख्ख्या गावात तो फळा वाचणारा माणूस एकच होता, महाराज. हे माहीत असून ती गप्प बसली, कारण उद्या ताई यायला हवी होती.

पंधराव्या दिवशी ताई आली ती भिंत धरत. चेहरा ओढलेला, ओठ कोरडे. तांब्यामागून तांब्या पाणी घशाखाली घालत म्हणाली, "उद्या बाराला पाणी तापलं की मी खडखडीत बरी होते बघ."

तेवढ्यात केंद्रातून फोन आला. एका पंपाला गळती होती. केंद्र पुन्हा सुरू होणं दोन दिवस पुढे गेलं होतं. फळ्यावर नवी सूचना लागली. पण महाराज मौनात, तंबूच्या आत. बाहेर येऊन वाचायची त्यांना चोरी झाली होती.

तापमानबाईने एकदा ताईकडे पाहिलं. मग ती उतरून काठावर गेली; ताईही भिंत धरत मागून आली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच ती गर्दीशी बोलत होती. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"उद्या पाणी तापणार नाही. त्यानंतर दोन दिवसांनी तापेल, संध्याकाळी पाचनंतर. ताई, सुई घे. आत्ता घे."

"किरणांनी डोकं फिरलंय हिचं!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. ताई हसली नाही, पण मान फिरवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाराला महाराज बोलले. पाण्याने ऐकलं नाही. एक वाजला, दोन वाजले. "कुणाच्या तरी मनात शंका आहे!" महाराज खोलीकडे बोट रोखून ओरडले. ताई गारठ्यात गळ्याइतक्या पाण्यात डोळे मिटून उभी होती. ती तशीच कलंडली. तापमानबाईने चपलांसकट उडी घेतली, तिला ओढून वर आणलं आणि केंद्राच्या रुग्णवाहिकेतून दवाखान्यात नेलं.

सांगितलेल्या दिवशी पाच वाजता काठ पुन्हा गच्च भरला. साडेपाचला पाण्याला पहिली ऊब आली. मग एक बाई वाकली, "माय, तूच गं ती! खरी तूच!" तिच्यामागे रांगच लागली. एका आईने तान्हं बाळ तापमानबाईच्या हातात ठेवलं, "हात फिरव माझ्या लेकरावरून."

बाळ ऊबदार होतं. अठरा वर्षांत तिच्या हातात कुणी मूल दिलं नव्हतं. नुसतं गप्प राहिलं असतं, तर उद्यापासून काठ तिचा होता.

तिने बाळ आईला परत दिलं.

"माझ्यात काही नाही. फळ्यावर लिहिलं होतं ते मी वाचलं. महाराजांनीही मागच्या वेळी तेच केलं. केंद्रातल्या अणुभट्टीचं पाणी वेगळ्या बंद नळ्यांत फिरतं. त्याच्या उष्णतेने दुसऱ्या पाण्याची वाफ होते, ती चाक फिरवते, त्यातून वीज निघते. ती वाफ थंड करायला समुद्राचं पाणी आणतात. ते वाफेत मिसळत नाही, तिची उष्णता तेवढी घेतं आणि इथे बाहेर पडतं. भट्टी चालू, तर पाणी कोमट. बंद, तर गार. यात विष नाही आणि औषधही नाही."

"म्हणजे धोका काहीच नाही?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आहे. जळून उरलेलं इंधन आपल्या नातवंडांच्या नातवंडांनंतरही सांभाळावं लागेल. हलगर्जी झाली तर मोठा अनर्थ होईल. म्हणून तर रोज मोजतात. धूर न काढता तुमच्या घरात दिवा लागतो, त्याची ही किंमत आहे. पटली नाही तर केंद्राला जाब विचारा. पण आधी वाचा, मोजा."

महाराजांचा तंबू कधी उठला, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ताई दवाखान्यातल्या खाटेवर होती. परिचारिकेपुढे तिने सुईसाठी मुकाट्याने दंड धरला. मग हळूच म्हणाली, "आणि पाण्यात किरण?"

"आजपर्यंत सापडले नाहीत. उद्या पुन्हा मोजू."

"उद्याचं आज नाही सांगता येत?"

"नाही. तसं महाराज सांगायचे."

ताई कसनुसं हसली. "आता मी पाण्यावर काही यायची नाही."

"मला भेटायला?"

ताईने दंडावरची बाही खाली ओढली. "बघू," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काठ रिकामा होता. तापमानबाईने नळी पाण्यात सोडली, आकडा वाचला, लिहिला.

माणसाला ऊब लागते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण जो कुणी ती देऊ करेल, त्याला एकदा तरी विचारा, ही येते कुठून? आणि उत्तराऐवजी डोळे मिटायला सांगितलं, तर उघडेच ठेवा.