देवघरातला पाट

मित्रांनो, मला पाहून तुम्ही चौरंग म्हणाल. बहुतेक सगळे तेच म्हणतात. चार पाय, चौकोनी अंग, फणसाच्या लाकडाचा हळदी रंग. लोकांचं तरी काय चुकलं म्हणा! पण मी चौरंग नव्हे. पाय ठेवून चढायचा आणि दमल्यावर बसायचा, असा मी एक साधा पाट आहे. आता माझं वय झालं, कडा गुळगुळीत झाल्या, एका पायाला पाचर मारून घ्यावी लागली. तरी जुन्या दिवसांचा विषय निघाला की मला राहवत नाही.

माझा जन्म पावसजवळच्या एका वाडीतला. वादळात परसातला फणस आडवा झाला आणि त्याच्या फळ्या बरेच दिवस पडवीत सुकत पडल्या. त्या घराची सून मनस्वी. ती रत्नागिरीच्या एका शाळेत ग्रंथपाल होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिच्या स्नायूंमधली ताकद कमी होऊ लागली. सकाळी ती ठणठणीत असे, दुपारी बरी असे आणि संध्याकाळी तिला पापणीसुद्धा उचलवत नसे. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि हा पाहुणा आता जन्मभर घरातच राहणार, हेही सांगितलं. गोळ्यांनी तो ताब्यात राही, पण एसटीची पहिली पायरी काही मनस्वीच्या ताब्यात येईना. मग तिने धाकू सुताराला बोलावलं.

"धाकूदादा, पायरी मधोमध तोडून दोन पायऱ्या करता येतील का?" तिने हसत विचारलं.

"एसटी तोडू नको गो, सरकार मना पकडंल," धाकू म्हणाला. "तुला खालची पायरी मीच करून देतंय."

असा मी झालो. बेताच्या उंचीचा, पातळ फळीचा, उचलायला हलका. वर पाय सरकू नये म्हणून धाकूने माझ्या पाठीवर आडव्या खाचा पाडल्या आणि एका बाजूला काथ्याची दोरी बांधून दिली. मनस्वी माझ्यावर चढायची, तिथून बसमध्ये जायची आणि मग कंडक्टर किंवा एखादा प्रवासी दोरीला धरून मला वर घ्यायचा. "ताई आल्या आणि त्यांचा पाटही आला, चला!" असं म्हणून कंडक्टर घंटी द्यायचा. माझं तिकीट कुणी कधी काढलं नाही, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटे.

काय दिवस होते ते, मित्रांनो! मनस्वीने आपला दिवस ताकदीच्या हिशेबाने आखून घेतला होता. जड पुस्तकं लावायची ती सकाळीच. बोलायचं तेही सकाळीच, कारण दिवस कलला की तिचा आवाज नाकातून येई आणि शब्द विरघळत. मोबाइलचा गजर वाजला की गोळी घ्यायची, मग अर्ध्या तासाने मऊ भात, म्हणजे चावताना जबडा दमत नसे. केस विंचरायचे ते माझ्यावर बसून, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून. संध्याकाळी तिच्या पापण्या मिटू लागल्या की बसमधल्या बायका म्हणायच्या, "मास्तरीण बोलत नाय हो, मोठी ऐट हाय." मला जीभ असती तर मी त्यांना चांगलं सुनावलं असतं. मनस्वी मात्र नुसती हसायची, आणि ते हसूही संध्याकाळी अर्धंच उमटायचं.

एकदा आम्ही तिच्या बहिणीकडे हर्णेला गेलो होतो. समुद्रावर मासळीचा लिलाव चालला होता. माणसं टाचा उंचावून, एकमेकांना कोपरं मारत उभी होती आणि मनस्वी वाळूत माझ्यावर ऐसपैस बसून सगळी गंमत पाहत होती. माझे पाय ओल्या वाळूत रुतले होते. खारा वारा येत होता. एवढ्या लांब आपण आपले आलो, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. ती संध्याकाळ मला अजून आठवते आणि अजून बरं वाटतं.

मग आला शिमगा. ग्रामदेवीची पालखी घरोघर निघाली. आमच्या अंगणात ढोल वाजू लागले आणि ऐन वेळी कळलं की घरच्या चौरंगाचे पाय वाळवीने खाल्ले आहेत. मनस्वीचा नवरा दर्शन धावत आत गेला आणि दाराशी टेकवलेला मी त्याच्या हाती लागलो. त्याने मला अंगणात मांडलं, वर लाल कापड घातलं आणि पालखी माझ्यावर टेकली. खरं सांगतो, माझी छाती दडपून गेली. मनस्वीने ओटी भरली. गावाचे मानकरी, गावकर रघूतात्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "ह्या घरची सून दुखण्यानं हैराण हाय, तिच्या अंगात बळ घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी गरजली. मनस्वीची सासू तुळसा पदराने डोळे पुसत होती.

पालखी उठली, ढोल पुढच्या अंगणात गेले. दर्शन मला पुन्हा दाराशी ठेवायला निघाला, तेवढ्यात तुळसाआईने त्याला अडवलं.

"आरं, देवी बसली त्याच्यावर! आता त्याला पाय लावायचा नाय."

आणि माझी रवानगी देवघरात झाली.

माझी पूजा होऊ लागली. रोज हळदकुंकू, जास्वंदीचं फूल, उदबत्ती. येणारीजाणारी बाई माझ्यासमोर वाकून नमस्कार करी. असा मान किती जणांच्या वाट्याला येतो! पहिले काही दिवस मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू? पण बाहेर काय चाललंय ते कानावर येऊ लागलं आणि माझा तोरा उतरला.

दर्शनने बाजारातून प्लास्टिकचं स्टूल आणलं होतं. थांब्यावरच्या लाल खडीत ते सरकलं आणि मनस्वी तोंडावर आपटली. दर्शनच्या मोटरसायकलवर बसावं, तर परतीच्या वेळेला तिच्या हातांत धरून बसायची ताकद उरत नसे. शिवाय आंब्याचा हंगाम तोंडावर, दर्शन पहाटेपासून बागेत. धाकू मुलाकडे डोंबिवलीला जाऊन राहिला होता आणि बाकीचे सुतार आंब्याच्या पेट्या ठोकण्यात गुंतले होते. पडल्यापासून मनस्वी रजेवर होती, ती रजा संपत आली. सोमवारी हजर झाला नाहीत तर दुसरी व्यवस्था करावी लागेल, असं मुख्याध्यापिकेने फोनवर हळू आवाजात सांगितलं.

"आईला विचारू का पाटाचं?" दर्शन म्हणाला.

"नको," मनस्वी म्हणाली. "देवी बसलेल्या जागेवर पाय ठेवायला मलाच धजवत नाही."

मी तिथेच, भिंतीपलीकडे, फुलं अंगावर घेऊन बसलो होतो. माझा कधी एवढा राग आला नव्हता मला.

सोमवारी ती रिकाम्या हाताने निघाली. थांबा घरासमोरच असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. बस आली, थांबली. कंडक्टरचा आवाज आला, "ताई, हात देऊ?" मग कुणीतरी म्हणालं, "धरा, धरा!" मग बराच वेळ नुसतं इंजिन घरघरत राहिलं. शेवटी घंटी वाजली आणि बस गेली. मनस्वीच्या चपला सावकाश परत आल्या.

"आई, नाही जमलं," एवढंच ती म्हणाली आणि ओटीवर बसली. सकाळची वेळ, गोळी घेतलेली, तरी तिचा आवाज बसला होता. ती रडत होती.

तुळसाआई देवघरात आल्या. दिवा लावायची वेळ नव्हती, तरी माझ्यासमोर बसून राहिल्या. मग त्यांनी माझ्यावरचं फूल उचललं, देवीच्या तसबिरीला वाहिलं, आणि मला काखेत मारून विहिरीवर नेलं. नारळाच्या काथ्याने त्यांनी मला खसाखसा घासलं. कुंकू निघालं, तेलाचा थर निघाला, धाकूच्या खाचा पुन्हा मोकळ्या झाल्या. मित्रांनो, त्या अंघोळीइतकी सुखाची पूजा माझी कधी झाली नाही.

"चल," त्या सुनेला म्हणाल्या. "पुढची गाडी येल."

थांब्यावर रघूतात्या उभे होते. मला पाहताच ते दचकले. "तुळसा, अगो, देवीचा पाट तो! गाव काय म्हणंल?"

"देवी तवाच उठली नि पुढच्या घरी गेली, तात्यानू," तुळसाआई म्हणाल्या. "पाट माज्या सुनेचा हाय."

रघूतात्या दोन पावलं बाजूला सरकले. बस आली. तुळसाआईंनी मला पायरीखाली नीट मांडलं, हलत नाही ना ते दाबून पाहिलं. पण मनस्वीचा पाय काही उचलेना. या वेळी अडचण ताकदीची नव्हती. ती माझ्याकडे आणि सासूकडे पाहत घुटमळत उभी राहिली.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणाची काठी असेल, चष्मा असेल, माझ्यासारखा एखादा पाट असेल. तो जपा, पुसा, त्याची डागडुजी करा. पण तो ज्याचा आहे त्याच्या हाताशी असू द्या. प्रेमानेसुद्धा तो उचलून ठेवू नका. एवढंच माझं मागणं आहे.

त्या दिवशी हे कुणाला बोलून सांगावं लागलं नाही. भरल्या बससमोर तुळसाआई खाली वाकल्या. त्यांनी दोन्ही हातांनी सुनेचा पाय उचलला आणि माझ्यावर ठेवला.