एक जॅकेट कमी

मास्तरांनी अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं होतं, आणि ते कसं शिकवलं हे उरलेल्या अर्ध्या गावाला सांगितलं होतं. त्यांच्या तोंडून ऐकायचं तर किराणा दुकानदार पहिल्यांदा टँकमध्ये उतरला, तेव्हा त्याला जागा करून द्यायला पाणी आपणहून उठलं आणि बाहेर फरशीवर जाऊन बसलं. एका वकिलाला त्यांनी श्वास धरायला इतकं छान शिकवलं, की पुढे कोर्टात तो न थांबता बोलत सुटायचा आणि गुदमरायचे ते न्यायाधीश.

पण दोन गोष्टींत मास्तर थापा मारत नसत. एक पाणी, दुसरं पोट.

काठावर पळायचं नाही. कुणाला ढकलायचं नाही. बुडणाऱ्याकडे हात नव्हे, बांबू पुढे करायचा, नाहीतर एकाचे दोन बुडतात. आणि बोटीत बसायचं तर जॅकेट घालूनच, मग तुम्ही मासा का असेना. "पाण्याला तुमची पदकं दिसत नाहीत," असं म्हणत ते स्वतःचं जॅकेट सगळ्यात आधी घालायचे. पोटाचंही तेच. रिकाम्या पोटी आलेल्याला ते घरी पाठवायचे, आणि तडस लागेपर्यंत जेवून आलेल्याला त्याहून मोठ्या आवाजात. पोहायच्या आधी एक केळं, पोहून आल्यावर उकडलेलं अंडं किंवा मोड आलेले हरभरे. "नुसत्या बिस्किटांवर जाताना पोहशील रे, पण परत कोण येणार?"

हे सगळं उकडायचं, भिजवायचं, कडीच्या मोठ्या डब्यात भरून टँकवर आणायचं, हे काम त्यांच्या बायकोचं. सगळे तिला काकू म्हणत. काकू सगळ्यात वरच्या पायरीवर बसायच्या. खालच्या पायरीवर पाणी उडतं.

मास्तरांच्या पोतडीतली सगळ्यात लाडकी गोष्ट याच काकूंची होती. "लग्न होऊन आठवडा झालेला. हिला टँक दाखवायला आणलं. नवे कोरे कपडे, पायात सँडल. मी म्हटलं, पोहणाऱ्याची बायको आणि कोरडी? दिली ढकलून! बघतो तर काय, बाई सँडलसकट पलीकडच्या काठाला. आणि वर मलाच दरडावते, टॉवेल कुठाय?"

झालं होतं ते असं. ढकललं होतं खरं, पण उथळ टोकाला, छातीएवढ्या पाण्यात. घाबरलेल्या माणसाला तेवढं पाणी भरपूर होतं. तिचा पाय घसरला, ती खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. काठावर मास्तरांचे मित्र हसत होते, म्हणून मास्तरही हसत राहिले. मग एकदम त्यांचं हसू थांबलं आणि त्यांनी उडी मारली. बाहेर आल्यावर ती खोकत खोकत हसली. सगळे हसत असताना नव्या माणसाने रडायचं कसं? ढकलायचं नाही हा नियम मास्तरांनी त्याच आठवड्यात केला. का केला, ते कधी कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या वर्षी गोष्टीत ती स्वतःच शिडीने वर आली. पुढे अर्धा टँक पोहली. मग अख्खा. गोष्टीलाही अंडी-केळी मिळत असावीत, दर वर्षी ती अंगाने भरत गेली. काकू फक्त म्हणायच्या, "तुमचं आपलं काहीतरीच!" आणि लोकांना तो त्यांचा विनय वाटायचा.

मास्तर निवृत्त झाल्यावर जुन्या विद्यार्थ्यांनी सहल काढली. धरणाच्या पाण्यातून बोटीने पलीकडच्या बागेत जायचं, तिथे काकूंचा डबा उघडायचा. बोटवाला जॅकेटं वाटत होता. मास्तरांनी आपलं घातलं, बक्कल लावलं, सगळ्यांची बक्कलं ओढून पाहिली. शेवटी बोटवाला म्हणाला, "एक जॅकेट कमी आहे. एक जण पुढच्या फेरीला थांबा."

"थांबायचं कशाला?" औषधांच्या दुकानाचा मालक म्हणाला. लहानपणी तो टँकमध्ये पडला की लाट यायची, म्हणून त्याचं नाव पिंप पडलं होतं ते पडलंच. "काकू आहेत की! काकूंना कसलं जॅकेट? सँडल घालून टँक पार केलाय त्यांनी!"

सगळे हसले. बोटवाल्याने विचारलं, "पोहता येतं ना, मावशी?"

काकूंनी मास्तरांकडे पाहिलं.

चार शब्दांचं काम होतं. तिला पोहता येत नाही. तेवढेही नको होते, अंगातलं जॅकेट काढून तिच्या गळ्यात घातलं असतं तरी भागलं असतं. पण मग पिंपाने "का?" म्हणून विचारलं असतं, आणि इतक्या वर्षांची ती गोष्ट सगळ्यांच्या देखत बसकण मारून बसली असती. ज्या जिभेने पाण्याला फरशीवर बसवलं, ती टाळ्याला चिकटली.

"चला, चला," मास्तर म्हणाले, "ऊन वाढतंय."

इथे एखादं वादळ घालायचा मोह कुणालाही होईल. पण वादळ नव्हतं. पाण्यावर साधी सुरकुती नव्हती. बोट सरळ गेली आणि सरळ लागली. मास्तर वाटभर बोलत होते, रोजच्यापेक्षा जास्तच, आणि लोक पोट धरून हसत होते. काकू मधल्या फळीवर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि झाकणाकडे बघत होत्या.

पलीकडे त्यांनी सगळ्यांना अंडी वाटली. मास्तरांच्या हातावर अंडं ठेवताना काकूंचा तळवा दिसला. कडीचा लालभडक वळ आडवा उमटला होता.

"हे काय गं?"

"काही नाही. डबा जड आहे."

परतताना, कुणी बघत नाही असं पाहून मास्तरांनी आपलं जॅकेट हळूच तिच्यापुढे धरलं.

"असू दे," ती म्हणाली. "मी पुढच्या फेरीने येते. जॅकेट मिळेल तेव्हा."

मास्तरही थांबले. दोघं काठावर बसून राहिले.

"इथलं पाणी तसं फार खोल नाही," मास्तर म्हणाले.

"हो का," ती म्हणाली.

त्यानंतर काकू घरात नेहमीसारख्याच बोलायच्या, भाजी काय करू, दूध आलं का. मास्तरांना मात्र जेवण गोड लागेना. पुढच्या रविवारी जुनी मंडळी टँकच्या पायऱ्यांवर जमली. काकू आल्या नव्हत्या. मास्तर मध्येच म्हणाले, "ऐका रे. हिला पोहता येत नाही. मी ढकललं तेव्हा ती बुडत होती, आणि मी काठावर उभा राहून हसत होतो."

मग पिंपाने मांडीवर थाप मारली. "वा सर! सगळ्यात भारी जमलीय ही!"

"अरे, खरं सांगतोय."

"सर, दर वेळी तुम्ही हेच म्हणता!"

हशा टँकच्या पत्र्यावर जाऊन आपटला.

इकडे घरातली केळी भराभर संपत होती. मास्तर एक खायचे, घड मात्र दोनांनी कमी व्हायचा. दुपारी काकू मैत्रिणीकडे म्हणून जायच्या. एकदा त्या ताट वाढायला वाकल्या आणि मास्तरांचा घास हातातच राहिला. ज्याचा उभा जन्म क्लोरीनमध्ये गेला, त्याला बायकोच्या केसांचा वास कळणार नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी ते टँकच्या फाटकाशी गेले. दुपारची बायकांची बॅच बेडकी घ्यायची. बेडकी म्हणजे त्यांचीच विद्यार्थिनी, लहानपणी पाय तसे मारायची. तिने त्यांना पाहिलं आणि फाटक उघडलं.

"या ना सर, बॅच सुटली. काकूच राहिल्यात."

"कधीपासून येतेय?"

"सहलीनंतरच्या सोमवारपासून. तुम्हाला माहीत नाही?" बेडकीने आवाज खाली आणला. "पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मला येत नाही, एकदा बुडता बुडता वाचलेय. मी म्हटलं, अहो काकू, पण सरांची गोष्ट? तर म्हणाल्या, गोष्ट त्यांची आहे, नाकात पाणी माझ्या गेलं होतं."

काकू उथळ टोकाला उभ्या होत्या, छातीएवढ्या पाण्यात. एक हात दांडीवर. त्यांनी मास्तरांना पाहिलं, पण दांडी सोडली नाही आणि घट्टही धरली नाही.

"आज पाठीवर तरंगायचंय," बेडकी म्हणाली. "सर, तुम्हीच धरा की! तुमच्यासारखा हात कुणाचाय?"

मास्तरांनी चपला काढल्यासुद्धा. एक पाय खालच्या पायरीवर ठेवला.

"अहो, नको," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच मास्तरांना जड गेलं. "तुम्ही आलात की माझं लक्ष वर राहील. कोण हसतंय बघत बसेन मी. तीच धरू दे."

मास्तरांनी पाय काढून घेतला आणि सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसले. तिथे डबा होता. आत दोन अंडी, मूठभर हरभरे, कागदाच्या पुडीत मीठ. सगळं त्यांनीच शिकवलेलं, नीट, आठवणीने भरलेलं.

खाली बेडकीने काकूंच्या पाठीखाली हात घातला. डोकं मागे गेलं, पोट वर आलं. बेडकीने हळूहळू हात काढून घेतला. काकू तरंगत राहिल्या, डोळे मिटून, जन्मात त्या कधी अशा आडव्या पडल्या नसतील.

मास्तर अंडं सोलत होते. सोलता सोलता ते म्हणाले, "चुकलं गं माझं. जॅकेट तुला द्यायला हवं होतं."

बेडकीने ऐकलं आणि मान दुसरीकडे वळवली. काकूंचे कान पाण्याखाली होते.

थोड्या वेळाने त्या पाय टेकून उभ्या राहिल्या. तोंडावरचं पाणी निपटलं, वर पाहिलं.

"काही म्हणालात का?"

मास्तरांनी तोंड उघडलं. बेडकी त्यांच्याकडे बघत होती.

"अंडं सोललंय म्हटलं," मास्तर म्हणाले.