एका घरातला माणूस

“अहो, म्हणजे या वयात दुसरा संसार थाटताय?” बायको जिन्याच्या खालच्या पायरीवरून विचारत होती. तो माळ्यावर बॅग भरत होता.

“संसार कसला? रेस होईपर्यंत राहतो आणि येतो. एका घरातला माणूस असेल तरच सायकल धरायची परवानगी आहे.”

“बायकोपासून लांब राहायचं आणि मित्राच्या घरी जाऊन राहायचं. वा!”

“तुला दमा आहे. त्याला हा आजार होऊन गेलाय. तो मला घाबरत नाही.”

“मग जा बाई,” ती म्हणाली. “निदान कुणाशी तरी समोरासमोर भांडाल. जिन्यातून ओरडून ओरडून माझा घसा बसला.”

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. साथ आल्यापासून त्याची सगळी कामं हॉस्पिटलांत असत, म्हणून तो माळ्यावर झोपे आणि ती खाली. जेवणाचं ताट जिन्याच्या मधल्या पायरीवर भेटे. बाकी सगळं ठीक होतं असं दोघंही लोकांना सांगत.

शहरातल्या हौशी सायकलवाल्यांच्या क्लबात त्याला ‘खांब’ म्हणत. गंमत म्हणजे तो स्वतः कधी शर्यतीत उतरला नव्हता. या शर्यतीत सगळे एकदम सुटत नाहीत. एकेक जण सुटतो आणि घड्याळाशी झगडत एकटाच जाऊन परत येतो. एकमेकांपासून लांब राहायची या खेळाला मुळातच सवय, म्हणून बाकी सगळं बंद असताना याला आधी परवानगी मिळाली. फक्त सुटतानाचा एक क्षण असा, की तिथे दुसरं माणूस लागतं. दोन्ही बूट पेडलला अडकवून स्वार बसलेला असतो आणि मागून कोणीतरी सीट धरून त्याला उभा ठेवतं. आकडे मोजून झाले की हात काढायचा. ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं. हे काम तो वर्षानुवर्षं करत आला होता, आणि त्याच्या हातात सायकल तसूभर हलत नसे.

साथीत क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी नियम काढला: एका घरातले सोडून कोणी कोणाला धरायचं नाही. एक पाय जमिनीवर टेकवा आणि निघा. लोकांनी कुरकुर केली, मग शिकले. त्याच्या मित्राला, बेकरीवाल्याला, मात्र ते जमणं शक्य नव्हतं. त्याच्या दोन्ही खुब्यांत शस्त्रक्रियेनंतर स्टील होतं. पेडल मारायला पाय वाघासारखा, पण जमिनीवर एकट्या पायाने भार घ्यायचा म्हटलं की तो सरळ आडवा होई.

त्याची बायको साथीच्या सुरुवातीलाच गेली. दोघं एकदम आजारी पडले आणि हा एकटाच घरी आला. त्यानंतर तो पाव भाजायचा, विकायचा, आणि सुट्टे पैसे देतानासुद्धा बोलायचा नाही. रेस पुन्हा सुरू होणार कळल्यावर त्याने आपणहून फोन केला.

“मला सुटायचंय,” एवढंच म्हणाला.

लिफ्टवाल्याला ते ऐकून रडू आलं. इतक्या महिन्यांत त्या माणसाने काहीतरी मागितलं होतं. ही रेस हुकली तर तो पुन्हा काही मागेल याची त्याला खात्री वाटेना.

बेकरीच्या मागच्या दोन खोल्यांत संसार सुरू झाला. बेकरीवाल्याची सायकल स्टँडवर आवळून बसवलेली होती. पिठाच्या पोत्यावरून तो तिच्यावर चढे आणि जागच्या जागी तासन्‌तास पेडल मारी. रस्त्यावर तो गेलाच नव्हता. पहिल्या रात्री त्याने सवयीने दोन ताटं घेतली, थबकला, आणि मग त्यातलं एक परत ठेवावं लागलं नाही.

“घोरतोस किती रे!” दुसऱ्या दिवशी बेकरीवाला म्हणाला.

“तू पहाटे भट्टी पेटवतोस, त्याचं काय?”

“माझी बेकरी आहे.”

“माझं नाक आहे.”

बऱ्याच दिवसांनी कोणीतरी त्याच्याशी वाद घातला होता. त्या दिवशी त्याने दोन घास जास्त खाल्ले.

रेसच्या सकाळी दोघं सुटायच्या जागी उभे राहिले, तेव्हा सेक्रेटरीबाई मास्क सावरत पुढे आल्या. “खांबसाहेब, तुम्ही लांब व्हा. नियम माहीत आहे ना?”

“माझ्या घरातला आहे तो,” बेकरीवाला म्हणाला.

“घरातला? नातं काय?”

“माझ्याकडे जेवतो, घोरतो आणि वर मलाच बोलतो. आणखी काय असतं हो नातं?”

रांगेतले हसले. बाईंनी दोघांकडे नीट पाहिलं आणि घड्याळ उचललं. “बसा.”

सीटमधून त्याला मित्राची थरथर कळत होती. बाईंनी आकडे मोजले, शेवटचा आकडा झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात वेळेवर सुटला नाही.

“सोड रे लेका!”

त्याने सोडलं. सायकल किंचित डुलली, मग सरळ झाली आणि वळणाआड गेली. त्याला इतका आनंद झाला, की बाईंनाच मिठी मारावीशी वाटली. नियम आठवला म्हणून त्या वाचल्या.

पुढचे स्वार एकेक पाय टेकवून निघत राहिले. बरेच सुटून गेल्यावर त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सुटायचं सगळं जमवलं होतं, पण थांबायचं काय? शर्यत संपल्यावर बेकरीवाल्याला कायम त्याची बायको धरायची. शेवटच्या रेघेपुढे उभी राहायची, थोडं बरोबर धावायची आणि त्याला अलगद उतरवून घ्यायची. ते इतकं तिचं होतं, की दोघांपैकी एकालाही आठवलं नव्हतं.

आणि शेवटची रेघ तर सुटायच्या जागेपासून लांब, रस्त्याच्या पार पुढच्या टोकाला होती.

खांब धावला. पोट सावरत, मास्क हनुवटीवर ओढून, लिफ्टवाल्या माणसाला जन्मात सवय नाही अशा वेगाने धावला. तो पोचला तेव्हा बेकरीवाला रेघ ओलांडून पुढे गेलेला होता. वेग संपत आला होता, पण थांबता येत नव्हतं. तो रस्त्यावर लहान लहान फेऱ्या घालत होता, आणि दर फेरीला रेघेपुढच्या एकाच रिकाम्या जागेकडे बघत होता.

“आलो, आलो!” हा ओरडला. बरोबरीने धावून त्याने एक हात सीटवर आणि दुसरा त्याच्या पाठीवर टाकला. पाठ घामाने भिजलेली होती आणि हुंदक्यांनी हलत होती.

सायकल थांबली.

“धरल्यावर ती आधी विचारायची, पाणी हवंय का,” बेकरीवाला समोर बघतच म्हणाला. “मग उतरवायची.”

“पाणी हवंय का?”

“नको.”

“बरं. उतर मग.”

“थांब जरा,” तो म्हणाला. “असंच धरून ठेव.”

मागून एक स्वार रेघ ओलांडून गेला, मग दुसरा. त्याने धरून ठेवलं.