कोट उतरल्यावर

नोंद

तक्रारदार: मैना हरिश्चंद्र कोळी, राहणार कोळीवाडा, पनवेल. धंदा मासळी विक्री. सामनेवाले: अॅडव्होकेट प्रितेश कोळी, पनवेल. सामनेवाल्याने आपली पत्नी किशोरी, म्हणजे तक्रारदाराची मुलगी, हिचे डोके स्वयंपाकाच्या ओट्यावर आपटले. त्यात ती मेली. सेशन्स कोर्टाने सदोष मनुष्यवधासाठी त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. अपील हायकोर्टात आहे, तोवर शिक्षा स्थगित, सामनेवाला जामिनावर. तो त्याच कोर्टात काळा कोट घालून पुन्हा कामे चालवतो. त्याची वकिलीची सनद रद्द व्हावी.

नोंदीत नाही

मरायच्या आधी किशोरी एकदा चौकीत गेली होती. मैना सोबत होती. किशोरीच्या कानातून रक्त येत होतं आणि हवालदारानं पेन उघडलं होतं. तेवढ्यात प्रितेश कोर्टातून तसाच आला, कोटासकट. हवालदार उठला. आपली खुर्ची त्यानं पुढे सरकवली.

"या वकीलसाहेब. बसा."

प्रितेश बसला. किशोरी उभी होती, ती उभीच राहिली. चहा आला, दोन कप. हवालदारानं पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, "ताई, घरात भांड्याला भांडं लागतंच. साहेब समजूतदार आहेत. जा घरी."

मैनानं तेव्हापासून डोक्यात धरलं: माणूस नव्हे, कोट बसला होता.

तक्रार लिहिली धाकट्या लेकीनं, कोमलनं. ती नर्स आहे, मोडकंतोडकं लिहीत नाही. ती लिहीत होती आणि मैना सांगत होती, खुर्चीचं लिही. कोमल म्हणाली, "आई, खुर्चीचं कुणी वाचत नाय."

नोंद

सामनेवाल्याचे उत्तर: अपील प्रलंबित आहे. घरगुती घटनेचा व्यवसायाशी संबंध नाही. तक्रार सूडबुद्धीने केली आहे. फेटाळावी.

नोंदीत नाही

कोळीवाड्यात मैना ही धवलारीण. हळदीला, लग्नाला विधींची गाणी म्हणते ती. भटजी उशिरा आला तर थांबता येतं, धवलारणीवाचून हळदच लागत नाही. किशोरीच्या हळदीला तिनंच गायलं होतं. प्रितेश कोळीवाड्यातला पहिला वकील, म्हणून जुन्या गाण्यात तिनं आपल्या मनानं एक ओळ घातली होती, नवऱ्याच्या काळ्या कोटाची. बायका हसल्या होत्या. पुढे सगळ्यांच्याच हळदीला ती ओळ आली, नवरा रिक्षावाला असला तरी.

तक्रारीची नोटीस प्रितेशला आली आणि मैनाला हळदीची बोलावणी बंद झाली. लोक शेजारच्या मोहा गावाहून दुसरी धवलारीण आणायला लागले. मग मच्छीमार सोसायटीच्या गाडीतून तिला बर्फ मिळेना. बाजारात ती ओल्या गोणपाटाखाली कोलंबी ठेवून बसायची. दुपारपर्यंत कोलंबी लाल पडायची.

दीर काशिराम सोसायटीचा चेअरमन. तो एके दिवशी तिच्या मासळीच्या पाटीसमोर उकिडवा बसला.

"वयनी, खाडीत भराव घातला तवा आपली जाळी गेली. त्याच्या भरपाईची केस कोन लरतो?"

"ठाव हाय."

"आख्ख्या कोळीवाऱ्याच्या सह्या हायेत त्याच्या कागदावर. त्याची सनद गेली का त्यानं केलेला सगला रद्द. केस पैल्यापासून. तवर आमी म्हातारे जगू का?"

"कोन बोलला तुला?"

"मिटिंगमधी त्यानंच सांगितला."

शेजारची कोळीण मान न वळवता म्हणाली, "लेक गेली ती काय परत येनार नाय. आमची पोरा तं जित्ती हायेत."

मैनानं कोलंबीवर पाणी मारलं.

मग प्रितेश स्वतः आला. कोर्ट सुटल्यावर, कोट हातावर टाकून. आजूबाजूच्या बायकांचे आवाज खाली आले. त्यानं पाटीतला जिताडा बोटानं दाबून पाहिला.

"ताजा आहे ना, आई?"

तिनं कोयता जवळ ओढला.

"तुकडे करून द्या. मोठे नको." तो खाली वाकला. "मी माझ्यासाठी काही मागत नाही तुमच्याकडे. मला जे व्हायचं ते होईल. पण मी गेलो की या सगळ्यांची केस बुडेल. तुमच्यामुळे बुडाली म्हणतील. किशोरीला आवडलं असतं का हे?"

मैनाच्या हातातला कोयता चालत होता. खवलं उडाली, कल्ले निघाले, सारखे तुकडे पडले. हाताला सवय. पिशवी त्याच्याकडे देताना तिला कळलं, आपण त्याला मासा कापून दिला.

त्या रात्री ती कोमलला म्हणाली, "मागं घेतंय मी."

"घे. मी तुझ्यासंगं येनार नाय."

नोंद

मुंबई. वकील परिषदेची शिस्तपालन समिती, तीन सदस्य. तक्रारदार जातीने हजर. सामनेवाला हजर. तक्रारदार म्हणते की तिला तक्रार मागे घ्यायची आहे. कारण विचारले असता

नोंदीत नाही

कारण विचारलं तेव्हा मैना दारात बसलेल्या काशिरामकडे बघायला लागली. तो तिला बसनं घेऊन आला होता. वाटेत वडापाव खाऊ घातला होता.

समितीतल्या बाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे नको, माझ्याकडे बघा. कुणी धमकी दिली?"

"नाय."

"पैसे दिले?"

"नाय."

"मग?"

"खाडीची केस हाय आमची. याची सनद गेली का आमची केस मरल. आख्खा कोळीवारा मरल. लेक एकटी मेली, तिच्यासाठी मी सगल्यांना मारू का?"

अध्यक्ष वयस्कर होते, मघापासून फाईल चाळत होते. त्यांचा हात थांबला. "सनद गेली की केस मरते, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"वकिलान."

"कुठल्या वकिलाने?"

मैनानं हनुवटीनं दाखवलं. पलीकडच्या टेबलाशी प्रितेश बसला होता. तो उठला. "सर, त्या शिकलेल्या नाहीत. काहीतरी गैरसमज—"

"तुम्ही बसा."

तो बसला.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "केस तुमची असते, वकिलाची नसते. हा गेला तर दुसरा येईल. ह्याने आजवर केलेलं आहे तसंच राहतं. पुढच्या तारखेला नवा माणूस उभा राहील, एवढंच."

दारात उठून काशिराम म्हणाला, "तसाच राहतं?" कोणी त्याला विचारलं नव्हतं.

"तसंच."

"सह्या बी?"

"सह्यासुद्धा. तुम्ही कोण?"

काशिराम खाली बसला.

बाईंनी मैनाला पाणी दिलं. "आणि तक्रार अशी मागे घेता येत नाही, मावशी. तुम्ही आम्हाला सांगितलंत, आता ती आमच्यापुढे आहे. तुम्ही घरी गेलात तरी ती इथेच राहील."

"मंग मना कनाला बोलावला?"

"बरं झालं आलात," बाई म्हणाल्या आणि टायपिस्टकडे वळल्या. "'वकिलान', असंच लिहा. त्यांचा शब्द आहे तसा."

नोंद

तक्रारदाराचे म्हणणे शब्दशः नोंदले. तक्रार मागे घेण्याचा अर्ज नामंजूर. आपल्या पक्षकारांना खोटी भीती घालून तक्रारदारावर दबाव आणल्याबद्दल सामनेवाल्याला खुलासा विचारला. खुलासा समाधानकारक नाही.

नोंदीत नाही

परतीच्या बसमध्ये काशिराम पुढच्या सीटवर बसला. वाशीच्या पुलावर तो मागं वळला.

"वयनी, उद्यापासून बर्फ पाठवतंय."

मैना खाडीकडे बघत होती. पाणी ओहोटीचं होतं, चिखल उघडा पडला होता.

नोंद

आदेश: सामनेवाल्याचे नाव वकिलांच्या यादीतून काढून टाकण्यात येत आहे. त्याने सनद जमा करावी. यापुढे त्याला कोणत्याही कोर्टात वकील म्हणून उभे राहता येणार नाही.

नोंदीत नाही

आता तो कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. पांढरा शर्ट, वर काही नाही. अर्ज लिहून देतो, कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगतो. लोक अजून म्हणतात, त्या वकिलांना विचारून ये. कोळीवाड्याच्या केसला नवा वकील मिळाला, त्यानं तारीख मागितली. जुन्या फायली अजून प्रितेशच्या कपाटात आहेत. त्या तो एकेक करून देतो.

काशिरामच्या नातीची हळद होती. काशिराम स्वतः बोलवायला आला. "वयनी, तूच पायजे. मोह्याची बाय सूर सोरते."

मैना गेली. मांडव भरलेला. ती बायकांत चटईवर बसली, पहिलं गाणं उचललं, बायकांनी मागून धरलं. नवरीच्या पायाला हळद लागली. दुसऱ्या गाण्याला मांडवाच्या तोंडाशी हालचाल झाली. काशिराम उठला. आपली खुर्ची त्यानं पुढे सरकवली.

"या वकीलसाब. बसा."

प्रितेश बसला. कोणीतरी त्याला सरबत दिलं.

मैनाच्या तोंडातली ओळ अर्ध्यावर राहिली. बायका थांबल्या. हळदीचा हात नवरीच्या दंडापाशी थांबला. पुढची ओळ धवलारणीनं द्यायची असते, ती दिल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

काशिराम जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "वयनी, मुहूर्त टळतंय."

"खुर्ची कनाला दिली त्याला?"

"फायली त्याच्याकरं हायेत अजून. समजून घे."

मैना चटईवरून उठली. गुडघे धरून, सावकाश. मांडवातून चालत गेली आणि प्रितेशसमोर उभी राहिली. 

सगळे बघत होते. प्रितेशनं ते ओळखलं. तो हसून उठला, खुर्ची तिच्याकडे वळवली. "बसा आई. तुम्ही बसा."

मागं एक बाई म्हणाली, "बघ, अजून सासूला मान देतंय."

मैना बसली नाही. तशीच उभी राहिली आणि तिथूनच तिनं सोडलेली ओळ उचलली. बायकांनी धरली. हळद पुढे सरकली, दंडावर, गालावर. खुर्ची दोघांच्या मधे रिकामी होती. म्हाताऱ्या सासूला देऊ केलेल्या खुर्चीत ती उभी असताना परत बसणं, इतक्या लोकांत, प्रितेशला जमेना. हातात सरबताचा पेला घेऊन तो उभा राहिला. आधी हसत, मग नुसताच.

दोन गाण्यांत हळद आटपते, पण धवलारीण थांबेपर्यंत कोणी उठत नाही. मैनानं तिसरं घेतलं. मग आईकडून आलेली, कोणाला आठवत नसलेली घेतली. कोटाची ओळ जिथं यायची तिथं ती एक श्वास थांबली आणि पुढे गेली. नवरीला थंडी वाजायला लागली. काशिराम दोनदा खोकला.

पेला ठेवायला जागा नव्हती. प्रितेशनं पाय बदलला.

गाणी संपत आली तेव्हा मैनानं पहिलं पुन्हा सुरू केलं.