एकाच नावाच्या दोन बाटल्या

दारूबंदीच्या राज्यात मद्याविषयी मत नसलेला माणूस मिळणे कठीण, हे त्या दुपारी योगराजला उमगले आणि त्याचे डोके तापले. पांडेसऱ्यातल्या साड्यांच्या मिलचा हा रंगाई मास्तर. उसाच्या रसापलीकडे त्याने आयुष्यात काही चाखले नव्हते. पण नव्या इटालियन यंत्रातून साडी एका टोकाला गडद आणि दुसऱ्या टोकाला फिकी निघत होती, आणि ते बसवायला आलेला बेर्तोनी, यंत्र निर्दोष असल्याचे सांगून, उद्या मायदेशी निघाला होता. तो गेला की दोष मास्तरच्या माथी आणि नोकरीही गेली, हे शेठने बजावले होते. तोडगाही शेठचाच: पाहुण्याला त्याच्या मुलखातली लाल वाइन देऊन खूश करा, थांबवून घ्या, मात्र वाइन जुन्या रीतीची हवी आणि भाव वाजवी.

दारूचा परवाना बेर्तोनीच्या नावाचा, म्हणून हॉटेलातल्या दुकानात तोही आलेला. त्याच्याशी इंग्रजीत बोलायला, दुभाषा म्हणून, खरेदी खात्यातला अकोल्याचा श्रीरंग.

"टोपलीवाली घे ना भाऊ," गवती टोपलीत बसवलेल्या बाटलीकडे बोट दाखवत श्रीरंग म्हणाला. "टोपली आहे म्हणजे परंपरा आहे."

"टोपली काय प्यायची आहे का?"

"साहेब, मोंघी लई जाव," महाग तेच चांगले अशा थाटात दुकानदार मध्येच बोलला. "मोंघी एटले सारी!"

"तुम्ही प्यायलात कधी?"

"राम राम! हूं तो वैष्णव छूं."

योगराजने कपाळावर हात मारला. शेवटी मधल्या भावाच्या, एकाच नावाच्या पण लागोपाठच्या सालांच्या दोन बाटल्या त्याने उचलल्या आणि सवयीने दारात उन्हात नेल्या. दिव्याखाली रंग पारखणे त्याला मान्य नव्हते. एक माणकासारखी, दुसरी विटकरी. तळाशी गाळ.

"दोन लॉट, दोन शेड! शिवाय गाळ! असला माल मी दारातून परत पाठवतो."

बेर्तोनी मात्र बाटल्या हातात घेऊन हरखला. श्रीरंगने त्याचे बोलणे मराठीत आणले: "हीच घ्या म्हणतो. स्वस्त आणि अस्सल. तिकडं दरसाल ऊन वेगळं, पाऊस वेगळा, म्हणून रंग वेगळा. त्यातच मोठेपणा आहे म्हणतो."

योगराजचा संयम तिथे सुटला. "मग यंत्रही त्याच रीतीनं बनवलंय का, विचार त्याला. एका साडीत दोन पावसाळे पाडतंय ते!"

"हे मी नाही सांगणार बुवा. पाहुणा आहे."

"शब्दन् शब्द सांग!"

श्रीरंगने चाचरत सांगितले. बेर्तोनीचे कान लाल झाले. बाटल्या फळीवर ठेवून तो तडक गाडीत जाऊन बसला.

"झालं समाधान? नोकरी गेली तुझी," श्रीरंग पुटपुटला.

पण दोघे मागोमाग बसताच गाडी थेट मिलच्या वाटेला लागली. कोट भिरकावून बेर्तोनी यंत्राखाली शिरला आणि तासभर स्वतःच्या भाषेत कुणाला तरी शिव्या घालत राहिला. मग आतूनच इंग्रजीत ओरडला.

"रंगाचा पंप एका बाजूला कमी ओढतोय," श्रीरंगने सांगितले. "तिकीट पुढं ढकला म्हणतो, आणि मास्तरनं बत्ती धरावी."

योगराज बत्ती घेऊन गुडघ्यांवर बसला. "आठवडाभर हेच तर ओरडत होतो," तो दात खाऊन म्हणाला. "तेव्हा याला इंग्रजी येत नव्हतं!"