पंगतीतून उठवलेली

शनिवारी दुपारी पुष्पलता परात पुढं ओढून कणीक मळायला बसली, आणि ताराचंद दारात उभा राहिला. चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी. हातात पाकीट, तोंड असं की जणू मयतीला आला आहे. पण मयत होऊन तर वीस दिवस झाले होते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा घ्यायचा. त्यासाठीची बिनखमिराची, न फुगवलेली भाकर एकोणीस वर्षं पुष्पलताच करत आली होती. मागच्याच महिन्यात काय ती चुकली, नवरा दवाखान्यात होता म्हणून.

"वहिनी, कमिटीचं पत्र आहे."

"हात पिठाचे आहेत. तुम्हीच वाचा."

त्यानं वाचलं. नवऱ्याचं, शांतवनचं, श्वासाचं मशीन तिनं काढू दिलं. जीव देणं-घेणं देवाच्या हातचं. तेव्हा तिनं भर उपासनेत उभं राहून क्षमा मागावी. तोवर तिला प्रभुभोजन मिळणार नाही.

परातीतले हात थांबले.

"भाऊ, डोक्यात रक्त फुटलं होतं त्यायच्या. दोन दोन डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, बाई, माणूस गेला, छाती हलून राहिली ते मशीन आहे. अन् ते सोता सांगून होते, मले तारांत लटकवून ठेवू नोको. देवानं बोलावलं, तर मी वाट अडवून काहून उभी राहू?"

"आजकाल सगळेच असं म्हणतात, वहिनी. उद्या म्हातारा जड झाला की काढतील नळी. कुठंतरी रेघ ओढा लागते."

बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तिला जास्त लागलं. पण ती रेघ ओढणारा हात शांतवनच्या आजारपणाच्या अकरा दिवसांत दवाखान्यात एकदाच आला होता. तोही किल्ली मागायला. शांतवन चर्चमध्ये पेटी वाजवायचा, पेटीच्या कपाटाची किल्ली त्याच्या खिशात असायची. खाटेवरच्या माणसाच्या कपाळावर हात ठेवायला मात्र तो हात रिकामा नव्हता.

"रेघ ओढायच्या आधी त्या खाटेपाशी एक दिवस बसायचं होतं," ती म्हणाली.

ताराचंदनं पत्राची घडी घातली. पायऱ्या उतरता उतरता थांबला. "अन् उद्याची भाकर तेवढी करून ठेवसान. मागच्या टायमाले आमच्या मायानं केली, चामडं झालं होतं."

पुष्पलता त्याच्याकडे पाहतच राहिली. "करते," एवढंच म्हणाली.

तो गेला आणि तिनं कणकेवर मूठ मारली. तिचा आजा कुहीकडच्या एका खेड्यातला. गावजेवणात त्याला जातीपायी उकिरड्याजवळ बसवलं, तर पान तसंच सोडून उठला आणि ख्रिस्ती होऊन या प्रभूच्या पंगतीत येऊन बसला. इथं वर-खाली नाही, असं त्याला सांगितलं होतं. आता त्याच पंगतीतून त्याच्या नातीला उठवत होते, आणि वर स्वयंपाकही तिच्याच हातचा पाहिजे होता. मळता मळता तिच्या ओठांवर ओवी आली, पण आज ती गोड नव्हती:

खमिराविना पीठ मळी, हात माझे ओले
प्रभूच्या गं पंगतीतून मले कोणी उठविले?

रविवारी उपदेश संपला. तरुण पाळक मेजाशी आले, तर ताट रिकामं. भाकर पुष्पलताच्या मांडीवर, फडक्यात. भाकर हातात घेऊन ती उठून उभी राहिली. आता क्षमा मागेल म्हणून ताराचंद सैल होऊन बसला.

"पाळकसाहेब, भाकर आणली आहे. पण आधी एक सांगा. माझे हात विटाळले असतील, तर या हातची भाकर कोणालेच चालायची नाही. अन् भाकर चालते, तर मग मलेही मिळाली पाहिजे. हात चोखा अन् तोंड पापी, हे कोणत्या शास्त्रात आहे?"

पाळकांनी ताराचंदकडे पाहिलं. ताराचंद उठला, तडक बाहेर गेला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पावाचं पाकीट घेऊन आला. फुगलेला, गोडसर, मशीननं कापलेला पाव. एका विधवेला घास देण्यापेक्षा त्याला तो बरा वाटला. प्लास्टिक फाटल्याचा आवाज पार मागच्या बाकापर्यंत गेला. पाळकांनी त्या पावावर खालच्या आवाजात प्रार्थना केली.

ताट ताराचंदनंच हातात घेतलं. लोकांनी माना खाली घालून तुकडे उचलले. पुष्पलताच्या बाकापाशी ताट थांबलं नाही. ती उभीच होती. ताट पुढं गेलं आणि त्याच्या बायकोसमोर, मायासमोर आलं.

"घे."

"मले नोको."

"माया, लोक पाहून राहिले."

"पाहू द्या ना जी." तिनं ताट हातानं मागं सारलं. "शेजारची बाई महिनाभर रडून राहिली, अन् मी तुमच्या धाकानं तिच्या दारात पाय ठेवला नाही. ते पहिले निस्तरते. मंग तुमचा पाव."

तिनं पदर सावरला, नवऱ्याला वळसा घातला आणि पुष्पलताच्या बाकावर जाऊन बसली. पुष्पलता तिच्याजवळ खाली बसली. हातातली भाकर तिनं दोघींच्या मधे ठेवली.

मागच्या रांगेतली एक म्हातारी उचललेला तुकडा ताटात परत टाकायला उठली.