नैसर्गिक कारण

झाडाच्या चकतीवर बारीक सँडपेपर फिरवत ती वाढीची वलयं मोकळी करत होती. तेवढ्यात दादा न विचारता प्रयोगशाळेत आला आणि त्याने चकतीवरच एक कागद ठेवला. भुसा उडाला. तिने कागद झटकून हातात घेतला. वर्तमानपत्रातल्या एका लेखाची झेरॉक्स होती. लेख तिचाच, आठ वर्षांपूर्वीचा. ‘पृथ्वीचं हवामान कधीच स्थिर नव्हतं’ या वाक्यावर पिवळा पट्टा ओढलेला होता.

“हे तूच लिहिलंयस ना?” दादाने विचारलं.

“पुढचा भाग कुठाय?”

“जेवढा लागतो तेवढा आणलाय.”

दादा शहराबाहेरच्या एका मोठ्या लाँड्रीचा व्यवस्थापक होता. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुतल्या जात, वाफेच्या रोलरखालून निघत आणि घड्या घालून परत जात. दीड महिन्यापूर्वीच्या उष्णतेच्या लाटेत घड्या घालणारी एक बाई भर दुपारी उभ्याउभ्या कोसळली आणि इस्पितळात पोहोचेपर्यंत गेली. एकोणतीस वर्षांची होती. कामगार खात्याने चौकशी लावली होती. कंपनीच्या वकिलाने बाजू ठरवली होती ती अशी, की हवामानाची चक्रं हजारो वर्षं फिरत आली आहेत, हा उन्हाळा त्यातलाच एक, त्याला कोण काय करणार? हे एखाद्या तज्ज्ञाने सांगितलं की मृत्यूच्या कारणापुढे ‘नैसर्गिक’ असा शब्द पडेल आणि प्रकरण मिटेल. झाडांच्या वलयांवरून जुनं हवामान वाचणारी तज्ज्ञ तर घरातच होती.

“मी खोटं बोल म्हणतोय का, ठमे? तुझंच वाक्य आहे. तेवढं म्हण आणि ये.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने सँडपेपर शांतपणे घडी करून ठेवला आणि त्याला समजावायचा प्रयत्न केला. पृथ्वीची कक्षा आणि तिचा कल बदलतो, हिमयुगं येतात आणि जातात, हे सगळं खरं; पण त्याला हजारो वर्षं लागतात. ज्वालामुखी फुटला तर दोनेक वर्षं गारवाच येतो. सूर्य तापल्यामुळे हे झालं असतं तर हवेचे अगदी वरचे थरही तापले असते. ते उलट थंड होत आहेत. आणि हवेत वाढलेला कार्बन जमिनीखालच्या कोळशातून, तेलातून आलाय याची खूण तर या वलयांतसुद्धा सापडते. माणसाने शेदीडशे वर्षांत जे केलं, ते चक्र नव्हे.

दादा ऐकत होता, पण लहानपणी तिच्या कविता ऐकायचा तसा, मान हलवत, घड्याळाकडे बघत. वडील गेल्यावर त्याने कॉलेज सोडलं होतं आणि तिला सोडू दिलं नव्हतं. हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशीही दाखवलं नाही. नुसता तिच्या भिंतीवरच्या पदव्यांकडे बघत राहिला. त्याचाच तिला जास्त राग आला.

“येते मी चौकशीला,” ती म्हणाली.

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सुटल्यासारखा निघून गेला.

चौकशीची खोली लहान होती. लांब टेबल, पलीकडे कामगार खात्याचे अधिकारी, मागे चार बाकं, टंकलेखनाला बसलेला कारकून. मागच्या बाकावर मेलेल्या बाईची धाकटी जाऊ बसली होती. ती त्याच लाँड्रीत कामाला होती. मोठी चादर एकटीला घडी करता येत नाही, दोन टोकं दोघींना धरावी लागतात. त्या दुपारी दुसरं टोक तिच्या हातात होतं. पहिल्याच जबानीत तिने हे एका वाक्यात सांगितलं होतं आणि नंतर कुणी तिला काही विचारलं नव्हतं.

तज्ज्ञाची साक्ष सुरू झाली तेव्हा वकिलाने हसतमुखाने विचारलं, की हवामानाची नैसर्गिक चक्रं असतात हे खरं ना? ती हो म्हणाली, आणि मग थांबली नाही. वकील मध्ये बोलायला गेला तेव्हा तिने त्याला हातानेच बसवलं. वीस मिनिटं ती बोलत होती. ज्या झाडांनी चारशे वर्षांचे उन्हाळे अंगावर नोंदवले, त्यांच्यात गेल्या तीस वर्षांसारखी सलग तापलेली वर्षं एकदाही नाहीत. हा उन्हाळा आभाळातून पडलेला नाही, माणसाने आणलेला आहे. ‘नैसर्गिक’ हा शब्द तिथे कुणी लिहिणार असेल तर त्याखाली सही माझी नसेल. दादाने खाली घातलेली मान वर केली नाही.

वकील मात्र शांत होता.

“मॅडमचं मला मान्य आहे,” तो अधिकाऱ्यांना म्हणाला. “हे साऱ्या जगाने केलंय. गाड्यांनी, गिरण्यांनी, तुम्ही, मी. मग सर, एका लाँड्रीला जबाबदार कसं धरायचं?”

अधिकाऱ्यांनी पेन टेबलावर ठेवलं. आपण पोटतिडकीने मांडलेलं खरं त्या माणसाने कसं अलगद खिशात घातलं, हे तिला दिसलं.

मागून जाऊ उठली.

“ताई, तुमचं सगळं नाही कळलं मला,” ती म्हणाली. “उन्हाळा जगाने आणला असेल. पण आमच्या खिडक्यांना खिळे कुणी मारले?”

कसल्या खिडक्या, अधिकाऱ्यांनी विचारलं. दादा उभा राहिला. शेडच्या सगळ्या खिडक्या उघडतात, खात्याने पाहणी केली तेव्हाही उघड्याच होत्या, असं तो म्हणाला. पाहणीचा कागद तसंच सांगत होता. जाऊ म्हणाली, मोठ्या जावेचा दहावा व्हायच्या आत खिळे काढले, भोकं बुजवून रंग दिला. याला पुरावा काय, वकिलाने विचारलं. जाऊ खाली बसली. अधिकाऱ्यांनी फाइलीची नाडी बांधायला घेतली.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात नवा रोलर दाखवायला दादा बहिणीला तिथे घेऊन गेला होता. रस्त्याची धूळ पांढऱ्या कापडावर बसते म्हणून खिडक्या ठोकल्यात, असं त्याने चालता चालता सांगितलं होतं. तिने रुमाल नाकाला लावला होता.

“माझी जबानी संपली नाही,” ती म्हणाली.

“ठमे,” दादा हळू म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. मी त्या खिडक्या पाहिल्यात, ती म्हणाली. अकरा होत्या. प्रत्येकीला खालीवर खिळे होते. कारकून टाइप करू लागला. साक्षीदाराचं व्यवस्थापकांशी नातं काय, त्याने विचारलं.

“सख्खी बहीण.”

अधिकारी पुढे झुकले.

“तेव्हा आत बायका काम करत होत्या?”

“हो.”

“मग तुम्ही काय केलंत?”

तिने ओठ ओले केले. “मला आत उभं राहवेना. बाहेर गाडीत जाऊन बसले. गाडीत एसी होता.”

कारकून थांबला. हेही लिहायचं का, अशा नजरेने त्याने अधिकाऱ्यांकडे बघितलं.

“लिहा,” मागच्या बाकावरून जाऊ म्हणाली.